‘का शिकायचंय?’ : परदेशी विद्यापीठासाठी पहिली एसओपी लिहिताना

मागच्या वर्षी ऐन श्रावणात सांगोल्याकडची एक मुलगी एसओपी, म्हणजे ‘मला हे का शिकायचंय’ ते सांगणारा अर्जासोबतचा कागद, दाखवायला घरी आली. बी.एस्सी. ॲग्री झालेली, युरोपात वनस्पती रोगशास्त्रात मास्टर्स करायचं ठरवलेलं आणि हातात दीड पान इंग्रजी. पहिलंच वाक्य होतं, लहानपणापासून मला शेतीची प्रचंड आवड आहे. त्याच्या पाठोपाठ भारत कृषिप्रधान देश, वाढती लोकसंख्या, हवामानबदल आणि शेवटी ‘आपल्या नामांकित विद्यापीठात शिकण्याचं माझं स्वप्न’. व्याकरणाची एकही चूक नव्हती. पण तिचं नाव खोडून दुसऱ्या कुणाचंही घातलं असतं तरी ते पान तितकंच खरं वाटलं असतं.

चहा घेता घेता ती सहज बोलून गेली, “ताई, आप्पांनी डाळिंबाची बाग काढून टाकली ना, तेव्हापासून हे डोक्यात आहे.” मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, बागेचं सांग. ती वीस मिनिटं न थांबता बोलली. फळांवर आलेले तेलकट काळे डाग, तडकलेली डाळिंबं, तिच्या हस्ताक्षरातली फवारणीची वही, बांधापलीकडची चुलत्यांची बाग टिकली आणि यांची गेली त्याचं कोडं. यातलं एक अक्षरही त्या दीड पानात नव्हतं.

अशी पानं मी बरीच वाचली आहेत. लिहिणारी मुलं हुशार असतात, कष्टाळू असतात, त्यांच्याकडे सांगण्यासारखं खूप असतं, आणि नेमकं तेच कागदावर येत नाही. हा लेख त्यांच्यासाठी. घरातून पहिल्यांदाच कुणी बाहेरच्या विद्यापीठात अर्ज करतंय, विचारायला कुणी नाही, अशांसाठी विशेष.

हा कागद नेमका काय असतो

नावं वेगवेगळी आहेत. अमेरिकेत मास्टर्स-पीएच.डी.ला स्टेटमेंट ऑफ पर्पज म्हणतात, ब्रिटनमध्ये पर्सनल स्टेटमेंट, जर्मनीत आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी मोटिव्हेशन लेटर. आपल्याकडे सगळ्याला सरसकट एसओपी म्हणायची पद्धत पडली आहे. मार्कशीट तुम्ही किती मिळवलं ते सांगते, सीव्ही काय काय केलं ते सांगतो, शिफारसपत्रात दुसरं कुणी तुमच्याबद्दल बोलतं. तुम्ही हे सगळं कशासाठी करताय, ते स्वतःच्या तोंडून सांगायची जागा मात्र ही एकच.

वाचणारा माणूस बहुतेकदा त्याच विभागातला प्राध्यापक किंवा प्रवेशाचं काम बघणारा अधिकारी असतो. त्याच्यापुढे अर्जांचा गठ्ठा असतो आणि मनात तीन-चार साधे प्रश्न. या विद्यार्थ्याला हा विषय का हवा? आमच्याकडेच का? झेपेल का? आणि शिकून पुढे काय?

हे प्रश्न आपल्याला नवे नाहीत. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या सेरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई जोशी बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना अठरावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघालेल्या या मुलीला लोक जे जे विचारत होते, ते प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाला उत्तर दिलं. अमेरिकेला का जाते? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकटीच का जाते? परत आल्यावर जातीतून बाहेर टाकणार नाहीत का? संकट आलं तर काय करशील? आणि कुठल्या बाईनं केलं नाही ते तूच का करावंस? एसओपी लिहायला बसण्यापूर्वी हे प्रश्न आपल्या परिस्थितीला लावून एकदा वहीत उतरवून काढा. घरात, गावात, लग्नाकार्यात लोक तुम्हाला आज हेच तर विचारताहेत. तिकडे चार माणसांत तुम्ही जे खरं उत्तर देता, तेच प्रवेश समितीलाही हवं असतं.

पहिली पायरी : मराठीत बोला, मराठीत लिहा

इंग्रजीचं नंतर बघू. एसओपी थेट इंग्रजीत लिहायला बसलं की विचार इंग्रजीच्या तयार साच्यांत जाऊन पडतात. ‘सिन्स माय चाइल्डहूड’, ‘पॅशन’, ‘एस्टीम्ड युनिव्हर्सिटी’, ‘होन माय स्किल्स’. हे शब्द तुमचे नाहीत. कुठल्या तरी नमुन्यातून ते आले आणि त्याच नमुन्यातून हजारो जणांकडे गेले.

म्हणून आधी फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि मित्राला किंवा बहिणीला सांगताय अशा थाटात बोला. पंधरा मिनिटं पुरेत. हा विषय डोक्यात पहिल्यांदा कधी शिरला? तेव्हा तुम्ही कुठे होतात, हातात काय होतं, कोण काय बोललं? त्यानंतर तुम्ही काय केलंत? वाचलं, कुणाला विचारलं, काही करून पाहिलं, फसलं? आता काय अडलंय? मग ते ऐकत ऐकत मराठीत लिहून काढा. विस्कळीत असू दे, लांबलं तर लांबू दे.

सांगोल्याच्या मुलीनं रेकॉर्डिंगवरून उतरवलेला भाग थोडाच साफ करून खाली देते. तिची परवानगी आहे.

“२०२१ च्या मृग बहारात आमच्या दोन एकर भगवा डाळिंबावर तेल्या (फळांवर तेलकट डाग पाडणारा जिवाणूचा रोग) आला. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेज ऑनलाइन असल्यामुळे घरीच होते, म्हणून फवारणीची वही माझ्याकडे आली. कधी काय मारलं, त्या दिवशी पाऊस होता का, चार दिवसांनी डाग वाढले की थांबले, हे मी लिहीत गेले. औषधं बदलली, डाग थांबले नाहीत. बांधापलीकडे चुलत्यांची बाग त्याच वाणाची, त्याच वयाची. त्यांनी हस्त बहार, म्हणजे पावसाळा सरतानाचा बहार, धरला होता, त्यांचं फळ बाजारात गेलं. पावसात हा जिवाणू पसरतो, म्हणून हस्ताला धोका कमी, हे मला नंतर वर्गात कळलं. पण आम्हीही पुढच्या वर्षी हस्त धरला, रोगट फांद्या छाटल्या, जाळल्या, तरी थोडा तेल्या आलाच. मग तो मधल्या काळात झाडात कुठे बसला होता? हा प्रश्न मी सरांना विचारला, सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्रात जाऊन विचारला. तिथल्या शास्त्रज्ञांनी मला दोन पेपर वाचायला दिले. त्यातली तंत्रं मला समजली नाहीत. ती शिकायची आहेत.”

आता पहिल्या दीड पानाशेजारी हे ठेवून बघा. इथे ‘आवड’ हा शब्द कुठेच नाही आणि त्याची उणीवही भासत नाही. वही आहे, बांध आहे, चुकलेला अंदाज आहे आणि एक प्रश्न आहे जो मुलीला सोडत नाही.

आवड नको, प्रश्न सांगा

या संपूर्ण लेखात मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. आवड कुणालाही असते आणि ती तपासता येत नाही. तुम्हाला पडलेला प्रश्न मात्र तुमचाच असतो आणि त्याच्या मागे तुम्ही काय केलंत ते दाखवता येतं. वाचणाऱ्या प्राध्यापकानं आयुष्य कुठल्या ना कुठल्या प्रश्नामागे घालवलेलं असतं. प्रश्न घेऊन आलेला विद्यार्थी तो लगेच ओळखतो.

प्रश्न मोठा असायची गरज नाही. गावातल्या बचत गटाचं कर्ज वेळेवर फिटतं, पण त्याच बायकांना बँक दारात उभं करत नाही, असं का? हा अर्थशास्त्राचा प्रश्न झाला. एसटी स्टँडवरची नवी शेड उन्हाळ्यात जुन्या कौलारू शेडपेक्षा जास्त का तापते? हा वास्तुरचनेचा. आजीच्या ओव्या आईला अर्ध्याच येतात आणि मला एकही नाही, हा भाषेच्या किंवा लोकसाहित्याच्या अभ्यासाचा. आपल्या भोवती असे प्रश्न पडलेले आहेत. आपल्याला ते ‘घरचे’ वाटतात, म्हणून अर्जात घालायला संकोच होतो. हा संकोच आधी सोडा.

आणि उसना प्रसंग तर अजिबात घेऊ नका. ब्रिटनमधल्या प्रवेशांचं काम बघणाऱ्या यूकास या संस्थेनं २००७ साली पन्नास हजार पर्सनल स्टेटमेंट्स एकमेकांशी ताडून पाहिली. त्यांत २३४ जणांनी आपण आठ वर्षांचे असताना रसायनांच्या खेळण्यातल्या संचाशी प्रयोग करता करता पायजम्याला भोक पाडल्याचा प्रसंग लिहिला होता. इंटरनेटवर एक नमुना होता आणि सगळ्यांनी तोच उचलला होता. साम्य शोधणारी सॉफ्टवेअर तेव्हापासून अर्ज तपासत आली आहेत. चॅटजीपीटीसारख्या साधनांबद्दलही यूकासनं स्पष्ट सांगितलं आहे : मजकूर किंवा त्याचा मोठा भाग त्यांच्याकडून लिहून घेऊन आपला म्हणून देणं ही फसवणूक समजली जाऊ शकते.

तयार एसओपी विकत मिळते, हेही मला माहीत आहे. माझ्या पहिल्या अर्जाच्या वेळी मी एका कन्सल्टंटकडून ती घेतली होती. चकचकीत इंग्रजी होतं. दोन विद्यापीठांनी नकार दिला. तिसऱ्या ठिकाणी मुलाखत झाली, तेव्हा समोरच्या बाईंनी माझ्याच अर्जातलं एक वाक्य वाचून त्याचा अर्थ विचारला. मला सांगता आला नाही. तो शांततेचा अर्धा मिनिट मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच मुलांनी या वाटेला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

‘आम्ही’मधून ‘मी’ बाहेर काढा

आपल्याकडे स्वतःबद्दल बोलणं म्हणजे टिमकी वाजवणं असं मानतात. चांगला संस्कार आहे, पण या कागदावर तो आडवा येतो. मुलं लिहितात, ‘एनएसएसच्या शिबिरात आम्ही वनराई बंधारा बांधला.’ बरं, मग तू काय केलंस? “काही नाही मॅडम, पोती भरली.” आणखी खोदून विचारलं की कळतं, शिबिर संपल्यावर हाच मुलगा दर रविवारी सायकलवरून जाऊन बंधाऱ्याखालच्या सहा विहिरींची पाणीपातळी दोरीला दगड बांधून मोजत होता, फेब्रुवारीपर्यंत. जलव्यवस्थापनाच्या अर्जात याहून मोलाचं काय असणार? आणि तो ते लिहिणारच नव्हता!

म्हणून मराठी खर्ड्यातल्या प्रत्येक ‘आम्ही’वर पेन्सिलनं गोल करा. प्रत्येक गोलाशेजारी लिहा, यात माझ्या हातानं काय झालं. विशेषणं काढून टाका. ‘मी मेहनती, जिद्दी आणि नेतृत्वगुण असलेला आहे’ हे वाक्य जितक्या सहज लिहिता येतं, तितक्याच सहज विसरलंही जातं. सहा विहिरी, दर रविवार, दोरी आणि दगड यांतून जिद्द आपोआप दिसते.

दुसरी पायरी : अभ्यासक्रम नीट वाचा

हे काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेक जण टाळतात. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमाचं पान उघडा. कोणते विषय सक्तीचे, कोणते ऐच्छिक, प्रबंध किती महिन्यांचा, प्रयोगशाळा कोणत्या, शिकवणारे कशावर काम करतात, हे वहीत उतरवा. मग तुमच्या प्रश्नापासून त्या विषयांपर्यंत रेघ ओढा. आमच्या डाळिंबवाल्या मुलीला झाडात लपलेला जिवाणू शोधायची तंत्रं शिकायची होती. तिनं अशा विद्यापीठांची पानं वाचली. एका ठिकाणी रेण्वीय निदानाचा, म्हणजे डीएनएसारख्या रेणूंवरून रोग ओळखण्याचा, सक्तीचा विषय होता, दुसऱ्या ठिकाणी भर पीकधोरणावर होता. दुसरं विद्यापीठ क्रमवारीत वर होतं. तिनं ते यादीतून काढलं.

‘आपलं विद्यापीठ जगात अमुक क्रमांकावर आहे’ हे लिहू नका. त्यांना ठाऊक आहे. त्या शहराचं सौंदर्य, संस्थेचा शेकडो वर्षांचा वारसा, हेही नको. ‘तुमच्याकडे हा विषय आहे, मला तो यासाठी हवा’ एवढं पुरतं, आणि ते दोन-तीन वाक्यांत होतं. एखाद्या प्राध्यापकाचं नाव घेणार असाल तर त्यांचं निदान एक काम खरोखर वाचलेलं असू द्या.

शब्दमर्यादा आणि विचारलेले प्रश्न प्रत्येक ठिकाणी निराळे असतात, ते त्याच पानावर मिळतात. मर्यादा पाचशे शब्दांची असेल तर पाचशे एकावा शब्द नको.

बारावीनंतर जाणाऱ्यांसाठी थोडं वेगळं

ब्रिटनमध्ये पदवीला अर्ज यूकासमार्फत होतो. एका अर्जात साधारणपणे पाच पर्याय देता येतात आणि पाचही ठिकाणी एकच स्टेटमेंट जातं. त्यामुळे त्यात एखाद्या विद्यापीठाचं नाव घालून चालत नाही, भर विषयावरच ठेवावा लागतो. २०२६ च्या प्रवेशांपासून एकसलग निबंधाची जुनी पद्धत गेली. आता तीन प्रश्न असतात : हा विषय का शिकायचाय, आतापर्यंतच्या शिक्षणानं त्यासाठी तुमची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर तुम्ही काय केलंत व ते का उपयोगी आहे. तिन्हींची उत्तरं मिळून मोकळ्या जागांसह ४००० अक्षरं, आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक वैद्यकीय अभ्यासक्रमांची मुदत आदल्या वर्षीच्या १५ ऑक्टोबरला संपते, म्हणजे गणपतीच्या आधी खर्डा हातात हवा.

अमेरिकेत पदवीसाठी कॉमन ॲपवरचा (अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायची ऑनलाइन सोय) निबंध वेगळ्याच जातीचा असतो. कमाल ६५० शब्द, आणि तिथे विषयापेक्षा माणूस म्हणून तुम्ही कसे आहात हे विचारलेलं असतं. ब्रिटनचं स्टेटमेंट तिकडे चिकटवू नका.

तिसरी पायरी : अडचणीच्या जागा

इथे थोडं थांबू, कारण मुलं याच जागांवर सर्वांत जास्त घाबरतात.

केटी लागली होती, म्हणजे विषय राहिला होता. गॅप आहे. एमपीएससी केली, झालं नाही. मराठी माध्यम आहे. हे सगळं लपवायचं की सांगायचं? माझं उत्तर असं : मार्कशीटवर किंवा तारखांमध्ये जे दिसणारच आहे, ते तुम्ही स्वतः सांगा. थोडक्यात सांगा, रडू नका, आणि पुढे काय बदललं ते दाखवा.

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत तीन वर्षं घालवलेला एक मुलगा सार्वजनिक धोरणाच्या मास्टर्ससाठी अर्ज करत होता. ती तीन वर्षं त्यानं सीव्हीतून गायब केली होती. म्हटलं, बाबा, परदेशातल्या माणसाला ही पोकळी दिसेल आणि कारण मात्र कळणार नाही. त्यानं मग लिहिलं : राज्यसेवेची परीक्षा काय असते, किती टप्प्यांची, तो मुख्य परीक्षेपर्यंत दोनदा गेला, आणि त्या अभ्यासात जलसंधारणाच्या योजना वाचताना त्याला काय खटकलं. कागदावरची योजना एक आणि त्याच्या माण तालुक्यातलं शेततळं एक. त्या तीन वर्षांतूनच त्याचा प्रश्न आला होता, आणि तो तीच वर्षं खोडायला निघाला होता.

केटीचं असंच. ‘दुसऱ्या वर्षी गणितात दोनदा नापास झालो. वडिलांच्या आजारपणात रात्रपाळी करत होतो. तिसऱ्या वर्षी त्याच विषयावर आधारलेल्या संख्याशास्त्रात ७४ गुण आहेत.’ तीन वाक्यं, विषय संपला. कारण खरंच काही नसेल, फक्त अभ्यास केला नसेल, तर कारण शोधून आणू नका. पुढचे चांगले गुण दाखवा आणि पुढे चला.

आनंदीबाईंनी २८ सप्टेंबर १८८३ रोजी न्यू जर्सीतल्या रोझेलहून फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला अर्जाचं पत्र लिहिलं. प्रवेशाच्या सगळ्या अटी मी कदाचित पूर्ण करत नसेन, हे त्यांनी त्यात सरळ कबूल केलं. माझं प्रकरण वेगळं आहे, ते लक्षात घ्यावं अशी विनंती केली आणि लगेच आपल्या जमेच्या बाजू मांडल्या : प्रकृती चांगली आहे, आणि आप्तेष्टांचा व जातीचा एकवटलेला विरोध पत्करून इथवर आणणारा निश्चय आहे. मग हेतू सांगितला : पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या माझ्या देशातल्या स्त्रियांना खरी वैद्यकीय मदत द्यायची आहे. उणीव, जमेची बाजू, हेतू हा क्रम मी आजही मुलांना दाखवते. ११ मार्च १८८६ रोजी त्या तिथून एम.डी. झाल्या.

गरिबी, जात, घरातली हिंसा, आईवडिलांची ऊसतोड यांबद्दल काय लिहायचं, हे मुलं फार हळू आवाजात विचारतात. त्याचं उत्तर बाहेरचं कुणी देऊ शकत नाही. तुमच्या प्रश्नाशी, तुमच्या वाटचालीशी ते जोडलेलं असेल आणि तुम्हाला सांगायचं असेल, तर ताठ मानेनं सांगा. सांगायचं नसेल तर सांगू नका. दुःख दाखवल्याशिवाय प्रवेश मिळत नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका. आणि लिहिलंत तर त्यात स्वतःला नुसतं सोसणारं दाखवू नका. ऊसतोडीच्या पालावर शाळा बदलत शिकलेली मुलगी सहा महिन्यांत दोन शाळांची पुस्तकं कशी जुळवून घेत होती, हे तिनं लिहावं. शिक्षणशास्त्राच्या विभागाला ते वाचायचंच आहे.

पुढे काय करणार

‘शिकून देशाची सेवा करीन’ हे मनापासून असतं, मला माहीत आहे, पण वाचणाऱ्याला त्यातून काही दिसत नाही. दोन टप्पे लिहा. एक, अभ्यासक्रम संपल्यावर लगेच काय : कोणत्या प्रकारच्या संस्थेत, कोणतं काम. दोन, दहा वर्षांनी कुठे पोचायचंय. पहिला टप्पा ठोस असावा, दुसरा थोडा मोकळा चालतो. सांगोल्याच्या मुलीनं लिहिलं की निदानाची तंत्रं शिकून तिला डाळिंबावर काम करणाऱ्या संशोधन संस्थेत यायचंय, आणि पुढे रोपवाटिकेतून निघणारं प्रत्येक कलम विक्रीआधी तपासता येईल अशी स्वस्त चाचणी तालुक्याच्या पातळीवर आणायचीय. ‘देशसेवा’ न लिहिताही ती कळते.

शिष्यवृत्तीचा निबंध असेल तर हा भाग आणखी महत्त्वाचा. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीमध्ये नेतृत्व, माणसं जोडणं, ब्रिटनमध्येच का आणि पुढची कारकीर्द, असे विषय वेगवेगळ्या निबंधांत विचारतात. शिवाय शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट असते. परत येऊन काय करणार, हे तिथे हवेत ठेवून चालत नाही. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणाऱ्या अनुसूचित जातीच्या मुलामुलींनी त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी. क्रमवारी, उत्पन्न, वय यांच्या अटी बदलत असतात आणि ऐकीव माहितीवर वर्ष वाया जातं.

चौथी पायरी : आता इंग्रजी

मराठी खर्डा पक्का झाला की तो बाजूला ठेवून इंग्रजीत नव्यानं लिहा. शब्दाला शब्द लावू नका. साधी, छोटी वाक्यं येऊ द्या. मराठी माध्यमातल्या मुलांना वाटतं, अवघड शब्द घातले की इंग्रजी चांगलं दिसेल. उलट होतं. जो शब्द तुम्ही बोलताना वापरणार नाही, तो काढा.

आपल्या गोष्टी परक्या माणसाला कळतील अशा करा. मृग बहार म्हटलं की तुम्हाला पाऊस दिसतो, त्यांना नाही. ‘जूनच्या पावसासोबत धरलेलं फळ’ असं एका वाक्यात सांगा. बचत गट, ग्रामसभा, अभ्यासिका, पाल, तलाठी हे शब्द जसेच्या तसे ठेवले तरी चालतील, शेजारी अर्धं वाक्य जोडा. गुंठे न लिहिता एकर किंवा हेक्टर लिहा. लाख-कोटी त्यांच्या पद्धतीनं मोडा.

पहिला परिच्छेद पुन्हा पुन्हा बघा. थोर माणसाचं वचन टाकून सुरुवात करायचा मोह होतो. ती जागा तुमची आहे, थोरांना देऊ नका. सांगोल्याच्या मुलीचं पहिलं वाक्य शेवटी फवारणीच्या वहीचं झालं.

मग दोन माणसांना वाचायला द्या. एक तुमच्या विषयातला, जो शास्त्रीय चूक पकडेल. दुसरा विषयाबाहेरचा, जो ‘हे मला कळलं नाही’ म्हणेल. पाच-सहा जणांना देऊ नका, प्रत्येक जण आपली वाक्यं घालतो आणि तुमचा आवाज हरवतो. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना किंवा मॅडमना मात्र खर्डा जरूर पाठवा, म्हणजे त्यांचं पत्र आणि तुमचा कागद एकमेकांना धरून राहतील.

पाठवण्याआधीचं किरकोळ : विद्यापीठाचं नाव बरोबर आहे ना (एका अर्जातलं दुसऱ्यात राहून जातं, हे खूप घडतं), पीडीएफ उघडते ना, शब्द मोजले ना. एक प्रत जपून ठेवा. मुलाखतीला त्यातलंच विचारतात.

आणि घरच्यांना वाचून दाखवा, मराठीत. सांगोल्याच्या मुलीनं अर्ज पाठवायच्या आदल्या रात्री माझ्या ओट्यावर बसून आप्पांना फोनवर पूर्ण खर्डा वाचून दाखवला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग आप्पा म्हणाले, “सगळं बरोबर लिवलंस. पण दोन एकर न्हवतं गं ते. पावणेदोन व्हतं. वरचा तुकडा आपण आधीच मोडला हुता, त्यात कांदा केलावता.” तिनं लॅपटॉप उघडला, आकडा दुरुस्त केला आणि अर्ज पाठवला.